दिवा जळू दे

आमच्या मोटरसायकलच्या एबीएसचा व्हॉल्व्ह अडकला, ब्रेक दाबला तरी पकडेना. नवे युनिट पगारात बसेना. कोपरीतल्या मिस्त्रीने जुने काढून मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सरळ पाइप जोडला, तेल भरून हवा काढली. ब्रेक लागला.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे आहे. चाक जाम होण्याआधी ते ब्रेकचा दाब सैल करते. आता पावसात, कोपरी पुलाच्या उतारावर, ते काम आमच्या बोटांचे. आणि मागे अम्मी बसतात.

"मीटरवरचा पिवळा दिवाही बंद करू?" मिस्त्रीने विचारले.

"नको भाई, जळू दे."

पैसे जमले की युनिट बसवू. त्याआधी गाडी विकावी लागली, तर घेणाऱ्यालाही तो दिवा दिसला पाहिजे. ऐब झाकून माल विकणे आपल्यात हराम आहे.