खापर कुणाच्या माथी?

काश्मीरहून आलेला मनुष्य दल सरोवराचे वर्णन करतो, उटीहून आलेला थंडीचे करतो, आणि काशीहून आलेला गंगेपेक्षा तिथल्या रिक्षावाल्यांचेच अधिक करतो. पण खापरखेड्याहून आलेल्या माणसाने कशाचे वर्णन करावे? हे काही प्रवाशांच्या नकाशावरचे गाव नव्हे. तिथे माणसे जातात ती नोकरीला, नाहीतर नातेवाइकांकडे. मी दुसऱ्या वर्गातला. माझी आत्या तिथे राहते.

नागपूरहून उत्तरेकडे निघाले की मानकापूर मागे पडते. मग कोराडीच्या जगदंबेचे देऊळ येते. गाडीतली बायामाणसे त्या दिशेला हात जोडतात, आणि हात सोडून डोळे उघडतात तो समोर विजेच्या कारखान्याची धुरांडी! देवी आणि वीज यांची इतकी शेजारशेजारची वस्ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तिथून थोडे पुढे गेले की सावनेर तालुक्यातले खापरखेडा लागते. कोलार आणि कन्हान या दोन नद्यांच्या आसऱ्याने ते वसले आहे, पण लांबून दिसतात ती इथलीही धुरांडीच.

नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते त्या काळात इथे पहिले वीज केंद्र उभे राहिले. ते जुने केंद्र आता इतिहासजमा झाले आहे. आज जे चालते त्यात २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० मेगावॉटचा एक, अशी एकूण १३४० मेगावॉटची शक्ती आहे. कोळसा सिल्लेवाड्यासारख्या जवळच्या खाणींचा, पाणी पेंचचे, आणि माणसे मात्र सगळ्या मुलखातली. एका ओट्यावर वऱ्हाडी, दुसऱ्यावर छिंदवाड्याकडची हिंदी, तिसऱ्यावर तेलुगू. तुम्ही-आम्ही शहरात भिंतीवरचे बटण दाबतो आणि प्रकाश ही आपलीच करामत समजतो. इथे आले म्हणजे कळते की त्या बटणाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी रात्रपाळी करीत बसलेला असतो.

आमचे आतोबा त्या रात्रपाळीवाल्यांपैकी. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली, पण अजून ते रात्री दोनला उठतात आणि खिडकीतून धुरांड्याकडे बघून पुन्हा झोपतात. आत्या मूळची पुण्याची. १९७२ साली लग्न होऊन ती इकडे आली. आता तिची भाषा अशी झाली आहे, की पुण्यातले तिला नागपूरची समजतात आणि नागपूरचे पुण्याची. त्याच साली व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ निघाला. नव्या नवरीला आतोबांनी नागपुरात नेऊन पहिला सिनेमा दाखवला तो हाच. “लग्न झाल्या झाल्या नवऱ्याने असला सिनेमा दाखवावा का?” असे आत्या आजही विचारते. आतोबा आजही उत्तर देत नाहीत.

मी गेलो तो कोजागिरीच्या तोंडावर. पोचलो तेव्हा ओट्यावर सभा भरली होती. गल्लीतल्या तरुण मंडळींनी यंदा कोजागिरीला लावणीचा कार्यक्रम ठरवला होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पार्टीला सुपारी देऊन झाली होती. आणि आता वडीलधाऱ्यांना ते समजले होते. एक निवृत्त हेडमास्तर सभेचे पुढारी होते. सगळी गल्ली त्यांना गुरुजी म्हणते. उंच, सडपातळ, पांढरा सदरा. निम्मी गल्ली त्यांच्या हातचा मार खाऊन शिकलेली.

“काहून पाहिजे हे?” गुरुजी म्हणत होते. “बायापोरींची वस्ती आहे. पोट्टे बिघडतात. कार्यक्रम रद्द करा.”

दारात उभी राहून ऐकणारी आत्या माझ्या कानाशी पुटपुटली, “बघ, पिंजराच सुरू आहे.”

वाचकांपैकी ज्यांनी तो चित्रपट पाहिला आहे त्यांच्या ध्यानात गोष्ट आलीच असेल. आदर्श गाव, आदर्श गुरुजी. गावात तमाशाचा फड येतो. गुरुजी त्याला हाकलून लावतात. अपमानाने पेटलेली नर्तकी चंद्रकला या साधुपुरुषाला पायांशी आणण्याची प्रतिज्ञा करते आणि ती खरी करते. डॉ. श्रीराम लागू गुरुजी आणि संध्या चंद्रकला. शंकर पाटलांची लेखणी, जगदीश खेबुडकरांची गाणी, राम कदमांचे संगीत. लावण्या अशा, की गुरुजींची बाजू न्यायाची असूनही प्रेक्षक फडाच्याच बाजूला बसलेला असे!

पण हा अस्सल मराठी मातीतला वाटणारा तमाशा थेट जर्मनीहून आला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. रात्री जेवणे झाल्यावर मी हे सांगितले तेव्हा आतोबाही पान लावायचे थांबले. जेवणात वहिनींनी पाटोडीचा रस्सा केला होता. त्याने माझ्या डोळ्यांना पाणी आणि जिभेला वाचा आणली होती, म्हणून मी सविस्तर सांगितले.

हाइनरिख मान हा टोमास मानचा थोरला भाऊ. त्याने १९०५ साली एक कादंबरी लिहिली. तिच्यात एका बंदराच्या गावातला राट नावाचा खाष्ट मास्तर आहे. पोरांनी त्याच्या नावाचा ‘उनराट’, म्हणजे केरकचरा, करून टाकला आहे. पोरे एका गाणारणीच्या नादी लागली आहेत असे कळताच तो त्यांना पकडायला ‘ब्लू एंजल’ नावाच्या गुत्त्यात जातो आणि स्वतःच पकडला जातो. नोकरी जाते, तो तिच्याशी लग्न करतो. आणि मग काय करतो? स्वतःच्या घरात जुगाराचा अड्डा घालतो. ज्या गावाने त्याला हसले त्या गावातले प्रतिष्ठित एकेक करून तिथे येतात आणि धुळीला मिळतात. म्हणजे मूळ गोष्टीत सूड आहे तो मास्तरचा, आणि तो गावावर.

१९३० साली जोसेफ फॉन स्टर्नबर्गने तिचा ‘द ब्लू एंजल’ हा बोलपट केला. एमिल यानिंग्ज मास्तर आणि मार्लेन डीट्रिख गाणारीण. त्यात सूड गळाला आणि अधोगती उरली. मास्तर विदूषक होतो, स्वतःच्याच गावात रंगमंचावर उभा राहून कोंबड्यासारखा आरवतो, आणि अखेर आपल्या जुन्या वर्गात जाऊन टेबलाला घट्ट धरून मरतो. तीनच वर्षांनी हिटलर आला. हाइनरिख मानची पुस्तके चौकात जाळली गेली आणि या चित्रपटावरही बंदी आली. गावाचे ढोंग दाखवणारी गोष्ट गाव चालवणाऱ्यांना कधीच आवडत नाही.

“मग आपल्याकडे तो सूड बाईच्या पदरात कसा आला?” वहिनींनी विचारले.

प्रश्न मार्मिक होता. ‘पिंजऱ्या’त सूड घेणारी चंद्रकला आहे. गुरुजी फडात पडेल ते काम करीत फिरतात. गावाला वाटते की गुरुजींचा खून झाला. गाव त्यांच्या स्मृतीला देव्हाऱ्यात बसवते. पुढे त्याच खुनाचा आरोप खुद्द गुरुजींवर येतो, आणि आदर्श शाबूत राहावा म्हणून ते आपले खरे नाव न सांगता शिक्षा पत्करतात. जर्मन मास्तर गावाला बुडवतो. मराठी गुरुजी गावाच्या श्रद्धेसाठी स्वतः बुडतात. गोष्ट एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाते तेव्हा कपडे तर बदलतेच, पण अपराध कुणाच्या नावावर मांडायचा, ते खातेही बदलते.

आत्याची नात नागपूरला कॉलेजात जाते. ती म्हणाली, “काका, ही तर ‘क्रुएल इन्टेन्शन्स’सारखी गोष्ट आहे. मी फोनवर पाहिली.” मला तर पुढचा धडा शिकवायला आयतेच निमित्त मिळाले. लाक्लो नावाच्या फ्रेंच तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने १७८२ साली नुसत्या पत्रांची एक कादंबरी लिहिली. एक सरदार आणि एक सरदारीण पैजा लावून माणसांना मोहात पाडतात, जुने हिशेब चुकते करतात. त्या गोष्टीने किती वेश बदलावेत? १९५९ साली रोजे वादिमने तिला त्या वेळच्या फ्रान्समध्ये आणले. १९९९ साली ती न्यूयॉर्कच्या श्रीमंत शाळकरी पोरांत गेली, तीच हिने पाहिली. २००३ साली कोरियाच्या जुन्या सरदार घराण्यांत, आणि २०१२ साली १९३० च्या सुमाराच्या शांघायमध्ये. पत्रांच्या जागी रोजनिशी आली, घोडागाडीच्या जागी मोटार आली. मोह आणि सूड मात्र तेच.

“पण काका,” नात म्हणाली, “शेवटी तो मरतो आणि मरून चांगला ठरतो. ती मात्र भर सभेत उघडी पडते. दोघांनी मिळून केलं ना?”

मूळ कादंबरीतही तसेच आहे, हे मला सांगावे लागले. सरदार द्वंद्वयुद्धात मरतो. सरदारणीला देवी येतात, तिचा चेहरा जातो, एक डोळा जातो, इस्टेट जाते. दोनशे वर्षांत पोशाख बदलले, पण हे एक कुणाला बदलावेसे वाटले नाही.

आत्या इतका वेळ वाती वळीत होती. ती म्हणाली, “सूड सूड करता रे सगळे. पण त्या पिंजऱ्यातल्या बाईने काय केलं होतं आधी? पोट भरायला आली होती. वेशीतूनच हाकललं. ते कुणी मोजतच नाही. पन्नास वर्षांपूर्वी मला तिचा राग आला होता. आता येत नाही.”

आतोबांनी विषय हलका केला. म्हणाले, “आपल्या इकडे हा प्रश्नच नव्हता. आपली खडी गंमत! शाहीर उभा राहून गाणार, आणि लुगडं नेसून नाचणारा पोऱ्या शेजारच्याच गावचा. मोहात पडायचं तर कुणाच्या? सकाळी तोच बैल हाकताना दिसायचा!”

दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा भरली. सुपारीचे पैसे बुडाले तर बुडाले, पण रद्द करा, इथपर्यंत गोष्ट आली. पार्टीची माणसे आदल्या रात्रीच निघाल्याचे एका पोराने चाचरत सांगितले. कुणी काही बोलेना. तेव्हा आत्या पदर खोचून ओट्यावर आली. वयाच्या मानाने तिचा आवाज खणखणीत आहे.

“गुरुजी, त्या बायांनी तुमचं काय केलं?”

“माझा त्या बायांवर राग नाही जी, वहिनी. माझा या पोट्ट्यांवर विश्वास नाही.”

“मग पोट्ट्यांना घरात कोंडा जी! खापर त्या बायांच्या माथी काहून फोडता?”

गाव खापरखेडा, आणि तिथे ‘खापर फोडू नका’ हे आत्याने सांगावे! कुणीतरी हसले, मग सगळेच हसले. गुरुजी हसले नाहीत. पण ‘रद्द’ हा शब्द त्यानंतर त्यांनी उच्चारला नाही.

पार्टी दुपारी आली. तीन बाया, एक ढोलकीवाला, एक पेटीवाला. प्रवासाने सगळ्यांची तोंडे उतरलेली. बायांना कपडे बदलायला आत्याने आपली मधली खोली दिली. त्यांतली थोरली, तिशी-पस्तिशीची, आरशासमोर बसली होती. समोर फोन टेकवला होता आणि फोनमध्ये दोन वेण्या घातलेली एक मुलगी रडकुंडीला आली होती. उद्या परीक्षा आणि अपूर्णांकांची बेरीज येत नाही. आई एका पायात चाळ बांधीत म्हणत होती, “अगं, मला आलं असतं तर मी इथं कशाला असते?”

आत्या बाहेर गेली. शेजारच्या ओट्यावर गुरुजी पेपर वाचीत बसले होते. तिने त्यांना काय सांगितले ते मला ऐकू आले नाही, पण गुरुजी आले. उंबऱ्यावर क्षणभर थबकले. मग चष्मा पुसून त्यांनी फोन हातात घेतला. “कितवीत आहेस?” “सहावीत.” “हं. छेद समान कर आधी. नुसतं वरचं वर मिळवू नकोस. खाली काय आहे ते पाहा.” वीस मिनिटे ते बोलत होते. खोलीत दुसरा आवाज नव्हता. थोरलीने दुसऱ्या पायात चाळ बांधले, पण ते वाजू नयेत म्हणून पाय तसाच धरून ती बसून राहिली.

फोन परत देताना गुरुजींनी तिच्याकडे पाहिले नाही. एवढेच म्हणाले, “पोरगी हुशार आहे. शाळा सोडवू नका.” ती म्हणाली, “त्याच्यासाठीच नाचते, गुरुजी.”

रात्री चांदणे लख्ख पडले होते. धुराच्या रेघेनेसुद्धा ते अडत नव्हते. आटवलेल्या दुधाचे पातेले मांडलेले, बायापोरी पुढे, पोट्टे मागे आणि अगदी सभ्यपणे बसलेले. लावण्या झाल्या. कुणी बिघडलेले मला तरी दिसले नाही. गुरुजी शेवटच्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते. दुसऱ्या लावणीनंतर घड्याळ पाहून उठले. जाताना मंडळाच्या पोराच्या हातात त्यांनी काही नोटा कोंबल्या आणि माझ्यापाशी थांबून म्हणाले, “ढोलकीवाला चांगला आहे. पण पुढच्या वर्षी आपल्या भागातली खडी गंमत आणा म्हणावं. ते लोकही उपाशीच मरून राहिले आहेत.”