पानावर उरलेले

मराठी बोलीत जेवणाचे माप पानाने घेतले जाते. पाने मांडणे, पान वाढणे, पानावरून उठणे, पानात टाकणे हे शब्दप्रयोग घरोघरी स्टीलची ताटे आल्यानंतरही टिकून राहिले, आणि तंजावरच्या मराठी घरांत तर ज्या केळीच्या पानापासून ते निघाले ते पानही सणावारी अजून जमिनीवर अंथरले जाते, त्याचा निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला राहील अशा बेताने. सतराव्या शतकात तंजावरात मराठी राज्य स्थापणाऱ्या व्यंकोजीराजांच्या मागोमाग कावेरीच्या काठी आलेल्या या कुटुंबांच्या मराठीत तमिळ शब्द मिसळले, ते राज्य १८५५ मध्ये संपले, पुढच्या पिढ्या चेन्नई-बंगळूरला पांगल्या. तरी जेवणापूर्वी भाताचे लहान लहान घास देवतांच्या नावाने पानाबाहेर ठेवण्याचा, म्हणजे चित्राहुती घालण्याचा प्रघात आणि ताकभाताने जेवण संपवण्याचा क्रम सुटला नाही. अशाच एका घरात वाढलेल्या प्रस्तुत लेखिकेच्या शरीराचा इतिहास त्या पानावरून सांगता येतो, कारण लठ्ठपणा, तो हटवण्याचे प्रयत्न आणि अखेरीस जठरावरची शस्त्रक्रिया या तिन्ही अवस्थांत मुख्यतः एकच गोष्ट बदलत गेली, ती म्हणजे पानावर काय उरते ही.

बालपणी पानावर काहीच उरत नसे. ‘खाऊन माजावे, टाकून माजू नये’ ही म्हण या घरांत उपदेश म्हणून सांगितली जात नसे, ती पाळली जात असे. चाटूनपुसून स्वच्छ झालेले पान ही मुलाच्या चांगल्या वळणाची खूण होती आणि आग्रह करून वाढलेला शेवटचा भात नाकारणे हा वाढणारीचा अपमान होता. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कुरुवै, सांबा आणि ताळडी या तीन हंगामांत भात पिकतो, त्यामुळे एका जेवणात सांबारभात, रसमभात आणि ताकभात असा तीनदा भात घेणे इथे खादाडपणाचे लक्षण मानले जात नाही, जेवणाची रीतच तशी आहे. सणाला त्यात रसवांगी, डांगर पच्चडी, वडे, पायसम आणि तिरुवैयारूच्या वाटेवरून आणलेला मुगाच्या डाळीचा, तुपाने ओथंबलेला ‘अशोका’ यांची भर पडे. बांधावरून दिवसभर चालणाऱ्या पिढीला हे अन्न पुरत असे, कदाचित कमीही पडत असे. खुर्चीवर बसून हिशेब लिहिणाऱ्या पिढीने मात्र पान तेच ठेवले आणि चालणे तेवढे सोडले.

हा बदल एका घरापुरता राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तमिळनाडूतील सुमारे ४० टक्के स्त्रिया आणि ३७ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले, तर देशाची सरासरी स्त्री-पुरुष दोघांतही २४ टक्क्यांच्या आसपास होती. शिवाय भारतीय शरीरात काट्यावर न दिसणारी चरबी असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच मोजमाप प्रसिद्ध केले. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, सारखाच २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के तर याज्ञिक यांच्या शरीरात २१ टक्के होती. एका मराठी डॉक्टराने आपलेच शरीर पुरावा म्हणून पुढे ठेवावे, ही गोष्ट प्रस्तुत लेखिकेला त्या आकड्यांइतकीच मोलाची वाटते, कारण वजनाविषयी बोलताना आपल्याकडे बहुधा दुसऱ्याचे शरीर पुढे केले जाते.

चव्वेचाळिसाव्या वर्षी लेखिकेचे वजन ११२ किलो होते आणि बीएमआय ४५ च्या जवळ. मधुमेह जडलेला होता, आणि तंजावरच्या मोठ्या देवळाच्या पायऱ्या चढताना गुडघे थांबायला लावत. तत्पूर्वी अठरा वर्षांत वजन उतरवण्याचे तीन मोठे आणि कितीतरी लहान प्रयत्न झाले होते. पहाटे गावातल्या शिवगंगा उद्यानात फेऱ्या मारणे, पोन्नी तांदळाऐवजी वरगू आणि सामै ही भरड धान्ये शिजवणे, पुण्याच्या नातलगांनी कळवल्यावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळच्या जेवणाची पद्धत पाळणे, हे सारे मनापासून झाले. दीक्षितांच्या पद्धतीत कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचे आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे असते, आणि महाराष्ट्रात असंख्य लोकांना तिच्यामुळे खाण्याकडे प्रथमच डोळसपणे पाहता आले, याबद्दल लेखिकेच्या मनात कृतज्ञता आहे. सर्वांत यशस्वी प्रयत्नात वजन ९१ किलोपर्यंत खाली आले आणि दोन वर्षांत पुन्हा पूर्वपदावर गेले. त्या काळात पानावर अन्न उरत नसे, कारण ते मुळात वाढलेलेच नसे. भूक मात्र उरत असे, आणि ती पानापाशी थांबत नसून रात्री अंथरुणापर्यंत येत असे.

या भुकेचे स्वरूप वैद्यकाला आता बऱ्याच अंशी कळलेले आहे. वजन घटले की चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन, म्हणजे शरीरात साठा पुरेसा आहे असे मेंदूला कळवणारे संप्रेरक, कमी होते आणि जठराच्या वरच्या भागातून स्रवणारे, भूक चेतवणारे घ्रेलिन वाढते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की आहार नियंत्रणाने वजन उतरवलेल्यांच्या शरीरात हा बिघाड वर्षभरानंतरही कायम असतो. त्याहून अस्वस्थ करणारी नोंद २०१६ मधली आहे. दूरचित्रवाणीवरील वजन उतरवण्याच्या एका अमेरिकी स्पर्धेतील १४ जणांची केविन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनी तपासणी केली, तेव्हा त्यांचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत असल्याचे दिसले. उपासमारीच्या काळात जगवणारी ही काटकसर शरीराने सोडलेली नसते. ज्याला आळस म्हटले जाते त्याचा मोठा भाग या काटकसरीचा असतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात, म्हणजे अष्टौनिंदितीय अध्यायात, अतिस्थूल माणसाच्या भुकेचे जे कारण दिले आहे ते या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोठ्यातच फिरतो, अग्नी पेटवतो, त्यामुळे अन्न लवकर पचते आणि पुन्हा अन्नाची तीव्र इच्छा होते, अशी ती मांडणी आहे. लठ्ठपणाच्या कारणांत अतिभोजन आणि व्यायामाचा अभाव यांच्याबरोबर बीजस्वभाव, म्हणजे आनुवंशिकता, हेही कारण सांगितले आहे, आणि अतिकृश माणसापेक्षा अतिस्थूल माणसावर उपचार करणे अवघड असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. वायू आणि अग्नीची भाषा आजची नव्हे, पण भूक हा रोगाचा भाग आहे, रोग्याचा दुर्गुण नव्हे, ही दृष्टी त्या अध्यायात आहे. हा विचार हाती असूनही नातेवाइकांच्या बैठकीत ‘तोंडाला कुलूप लावा’ हेच औषध सांगितले जाते, याचे लेखिकेला फार वाईट वाटते.

प्रयत्न निष्फळ असतात असा याचा अर्थ नाही. अमेरिकेतील ‘लुक अहेड’ या अभ्यासात मधुमेह असलेल्या पाच हजारांहून अधिक लोकांचा समावेश होता, आणि त्यांतील ज्या गटाला आहार-व्यायामाचे सघन मार्गदर्शन सतत मिळाले त्या गटातील निम्म्या लोकांनी आठ वर्षांनीही किमान ५ टक्के, तर चौथ्या हिश्शाहून थोड्या अधिकांनी किमान १० टक्के घट टिकवली. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर चालणे आणि खाण्यातील बदल यांनी, वजन फारसे न घटताही, मधुमेह होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी केले. पहाटेच्या त्या फेऱ्या वाया गेल्या नाहीत, हे या आकड्यांमुळे मनाला पटले. पण ११२ किलोच्या शरीराला ५ टक्क्यांची घट पुरेशी नव्हती.

शेहेचाळिसाव्या वर्षी झालेल्या शस्त्रक्रियेला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात. स्लीव्ह म्हणजे बाही. दुर्बिणीच्या साहाय्याने, पोटावरच्या लहान छिद्रांतून जठराचा बाहेरच्या वळणाकडचा सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग कापून काढतात आणि सदऱ्याच्या बाहीसारखी एक अरुंद नळी मागे ठेवतात, जिच्यात जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर मावते. काढलेल्या भागातच घ्रेलिन मुख्यतः तयार होत असल्याने जागा घटते तशीच भूकही ओसरते, आणि अन्न आतड्यात लवकर पोचल्याने तृप्ती सांगणारी संप्रेरके वाढतात. दुसरी प्रचलित शस्त्रक्रिया म्हणजे गॅस्ट्रिक बायपास. तिच्यात जठराची एक छोटी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील मोठ्या अभ्यासात बायपास केलेल्यांचे वजन पंधरा वर्षांनी सरासरी २७ टक्के कमी होते, तर शस्त्रक्रिया न केलेल्यांचे जवळजवळ होते तेवढेच राहिले. त्यात स्लीव्हचा समावेश नव्हता, कारण ती पद्धत नंतर रूढ झाली. आता तर भूक शमवणारी इंजेक्शनेही आली आहेत आणि २०२५ पासून टिर्झेपेटाइड भारतातही मिळते. त्यांचा विचार करायला वेगळा लेख लागेल.

शस्त्रक्रियेनंतर लोकांनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला, तो म्हणजे वजन स्वतःच्या बळावर का उतरवले नाही. या प्रश्नाचे उत्तर तंजावरात, सरस्वती महाल ग्रंथालयात, लेखिकेला सापडले. दुसऱ्या सरफोजीराजांनी, ज्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी होती, धन्वंतरी महाल नावाची संस्था उभारली. तिथल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे या ग्रंथालयात जपलेली आहेत. त्या कागदांत शस्त्रक्रियेपूर्वीची स्थिती लिहिली आहे आणि नंतरची प्रगतीही लिहिली आहे. मोतीबिंदू काढून घेणाऱ्याने स्वतःच्या बळावर का पाहिले नाही, असे त्या काळातही कुणी विचारले नसेल. डोळ्यावरचा पडदा दूर झाल्यावर पाहण्याचे काम मात्र रुग्णालाच करावे लागते, आणि जठराचेही तसेच आहे.

हे काम किती आहे याची कल्पना बाहेरून येत नाही. पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, मग मऊ, मग हळूहळू घन. प्रत्येक घास पीठ होईपर्यंत चावणे. जेवताना पाणी न पिणे आणि जेवणानंतर अर्धा तास थांबणे. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने, जी भातप्रधान शाकाहारी घरात डाळ, पनीर, दही आणि मोडांतून मोजून जमवावी लागतात. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळाले, आंबट पाणी घशाशी येऊ लागले. दीड वर्षात वजन ७४ किलो झाले, औषधांशिवाय साखर ताब्यात आली. आणि सहा वर्षांनी, आज, वजन ८१ आहे, कारण नळी थोडी सैलावते, शरीर काटकसर शिकते आणि गोड, पातळ पदार्थ कोणत्याही नळीतून सहज उतरतात. वाढलेल्या त्या सात किलोंसाठी पुन्हा शिवगंगा उद्यानातच जावे लागते. फरक एवढाच की आता चालून परतल्यावर भूक मागे लागत नाही, आणि म्हणून चालणे टिकते.

सर्वांत कठीण ठरले ते मात्र पानावर उरवणे. चौथ्या-पाचव्या घासाला छातीखाली एक दाब येतो आणि त्यानंतरचा एकही घास सोसत नाही. समोर मात्र आईच्या हातचा भात असतो, आणि चाळीस वर्षांची ती म्हण असते. व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथात अन्नाचे गुणदोष आणि भोजनाचे नियम एकत्र केले; म्हणजे याच दरबारात अन्नाचा विचार इतक्या बारकाईने झाला होता. पण घराघरांतून खाली आली ती आग्रहाची आणि स्वच्छ पानाची रीत. सुरुवातीची दोन वर्षे लेखिका उरलेला भात पानाच्या घडीखाली लपवत असे, आणि ते लपवणे हे पूर्वीच्या, रात्री स्वयंपाकघरात चोरून खाण्याचेच दुसरे रूप आहे, हे लक्षात यायला वेळ लागला.

आईचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. यंदाच्या पोंगलला तिने सर्वांची पाने मांडली, आणि लेखिकेसाठी पानाचा शेंड्याकडचा, लहान मुलांना देतात तेवढाच तुकडा विळीवर कापून वेगळा ठेवला. चित्राहुतीचे घास आणि पानातला भात यांत फारसा फरक नव्हता. सांबाराचा एक चमचा, रसवांगीचा एक, दह्याची वाटी, आणि बोटभर अशोका वाढून ती पुढच्या पानाकडे गेली, थांबली नाही, पुन्हा विचारलेही नाही. जेवण झाल्यावर थोडा ताकभात उरला होता. आईने तो पाहिला, पान आपल्याकडे दुमडले आणि बाकीच्या पानांबरोबर उचलून मागच्या अंगणात गाईसाठी नेले.