पोच

मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गालगतच्या आमच्या लाखनीत दिवाळीनंतर धानाच्या गाड्या काट्यापुढे लागू लागल्या, की एका गिरणीच्या आवकवहीसाठी मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या आज्ञावलीचे आणि तिच्यापायी झालेल्या फजितीचे मला हटकून स्मरण होते.

या भाषेचा कारभार एकाच कारकुनाच्या कचेरीसारखा आहे: अर्ज बारनिशीत दाखल करून घ्यावा आणि, निकाल यायचा तेव्हा येवो, पुढल्या माणसाला बोलवावे. पूर्वी अर्जासोबतच ‘निकाल आला की अमक्याला हाक मारा’ अशी चिठ्ठी, म्हणजे कॉलबॅक, जोडावी लागे, आणि अशा चिठ्ठीच्या पोटात चिठ्ठी शिरली की दप्तर कोणालाच वाचता येत नसे. २०१५ च्या प्रमाणकाने प्रॉमिस नावाची रीतसर पोच हाती दिली. २०१७ च्या प्रमाणकाने असिंक आणि अवेट हे शब्द देऊन प्रतीक्षेलाही सरळ वाक्यरचना दिली.

त्या सरळपणानेच मला चकवले. प्रत्येक गाडीचे वजन मागवून ते एकूण आवकेत मिळवण्याचे काम मी फॉरईचकडे सोपवले होते. पण फॉरईच सर्वांना कामाला लावते, त्यांच्या पोचा मात्र केरात टाकते, त्यामुळे अंगणात गाड्या उभ्या असताना माझी बेरीज शून्य निघाली. मग मॅपने पोचा गोळा केल्या आणि प्रॉमिस.ऑलने सर्वांची वाट पाहिली, तर एकूण आवक भरली ती सर्वांत शेवटी उत्तर आलेल्या एकाच गाडीच्या वजनाएवढी! रात्र जागून कारण सापडले. ‘अधिक बरोबर’ या चिन्हापुढे अवेट असले, की डावीकडची जुनी रक्कम थांबण्यापूर्वीच वाचली जाते; प्रत्येकाने शून्य वाचून ठेवले होते आणि परत आल्यावर जो तो त्या शून्यातच आपले वजन मिळवून आधीच्याचा आकडा पुसत होता.

गिरणीतले वयोवृद्ध मुनीम पावत्या तारेला ओवीत, आणि शेवटची पावती ओवल्याखेरीज बेरजेला हात लावीत नसत. मीही तेच केले: आधी सारी वजने हाती घेतली, मग बेरीज. एक अडचण उरली. एकही वजन नाकारले गेले, की प्रॉमिस.ऑल साराच हिशेब नामंजूर करते; अशा गाडीपुढे मुनीम ‘येणे बाकी’ लिहून पुढे सरकत, आणि तेवढ्यासाठी मला २०२० च्या प्रमाणकातले ऑलसेटल्ड शोधावे लागले.