पत्त्यातला स्वल्पविराम

मु. पो. देवरूख, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी. आमच्या पत्त्यात दोन स्वल्पविराम येतात. शाळेच्या संगणकातला विद्यार्थ्यांचा तक्ता सीएसव्ही फाइलमध्ये उतरवताना तेच नडतात, कारण तिथे एक रकाना संपला हे सांगायलाही स्वल्पविरामच असतो. रकाने नुसते जोडले की पत्त्याचे तीन तुकडे पडतात, आईच्या नावाखाली तालुका आणि जन्मतारखेखाली जिल्हा येऊन बसतो!

पायथनमधलं सीएसव्ही रायटर असा मजकूर स्वतःहून दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवतं. उर्दू पत्त्याला तीही गरज नाही. आमचा उर्दू स्वल्पविराम उलटा, संगणकाच्या लेखी वेगळंच अक्षर.

मला काळजी नावांची. फाइल यूटीएफ-८ मध्ये असली तरी सुरुवातीची खूण नसेल, तर एक्सेल उर्दू आणि देवनागरी दोन्हींचा कचरा करून दाखवू शकतं. मग कुणीतरी वैतागून नावं इंग्रजीत टाइप करतं. ती परत मराठीत येताना ताहाचा टाहा होतो, तेच दाखल्यावर चढतं. पुढे आखातात जायला पासपोर्ट काढताना बाप प्रतिज्ञापत्र घेऊन हिंडतो. म्हणून मी एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' असंच देते. ती खूण त्यात आपोआप लागते.

आधारचा रकाना मात्र एक्सेलमध्ये आणताना आधी 'टेक्स्ट' करून घ्यावा. नाहीतर बारा आकड्यांचं आखूड रूप दिसतं, आणि फाइल तशीच पुन्हा सीएसव्हीत जतन केली की शेवटचे आकडे गेलेच.