सारिकेची स्वभाषा

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, रायपूर राजधानी झाले आणि पुढे पहाडी मैनेला राज्यपक्ष्याचा मान मिळाला. रायपूरकरांची तिच्याशी ओळख मात्र बहुधा चित्रातलीच. ती राहते सुमारे ३०० किलोमीटर दक्षिणेस, बस्तरमधील कांगेर खोऱ्याच्या अरण्यात. काळ्या पिसांवर जांभळट-हिरवी झळाळी, नारिंगी चोच, डोळ्यांमागून मानेकडे गेलेली पिवळी कातडी. उडाली की पंखातला पांढरा पट्टा क्षणभर दिसतो. अंगणात भांडणाऱ्या साळुंकीची ती नातलग. पण ही सहसा जमिनीवर उतरत नाही.

तिची कीर्ती आहे ती माणसासारखे बोलण्याची. संस्कृत साहित्यानेही सारिकेला याच कामाला जुंपले. ‘रत्नावली’त ती सागरिकेचे गुपित राजाच्या कानी घालते, ‘मेघदूता’त यक्षपत्नी पिंजऱ्यातल्या सारिकेला स्वामींची आठवण येते का, असे विचारते. (यक्षाचा रामगिरी म्हणजे रामटेक की सरगुजेतील रामगढ, हा जुना वाद येथे नको.) ती सारिका म्हणजे नेमकी हीच मैना, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पिंजरा मात्र तोच.

नवलाची गोष्ट ही की रानात पहाडी मैना इतर पक्ष्यांची नक्कल करीत नाही. आसाममधील या मैनांवरचा ब्रायन बर्ट्राम यांचा अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार नर शेजारच्या नरांकडून आणि मादी शेजारच्या माद्यांकडून हाका शिकते. जोडीदारांच्या हाका निरनिराळ्या असतात, आणि काही कोस ओलांडले की बोलीच बदलते. ढोलीतून काढून आणलेल्या पिलाला हा शेजारच उरत नाही. उरतो तो माणूस. मग ते त्याचेच शब्द उचलते. ज्याला आपण तिची विद्या म्हणून वाखाणले, ती तिच्या एकटेपणाची खूण होती.

या कौतुकापायी पिढ्यानपिढ्या पिले पकडली गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण दिले; पण पोकळ ढोल्यांची जुनी झाडे कायद्याने उगवत नाहीत. जगदलपूरला बंदिवासात पैदास करण्याचा प्रयत्नही झाला. नर-मादी बाहेरून सारखीच दिसतात, ही अडचण तेथे पुष्कळ काळ पुरली. अलीकडे कांगेर परिसरातले आदिवासी तरुण ‘मैनामित्र’ म्हणून तिच्या घरट्यांवर लक्ष ठेवतात. त्यांना तिच्याकडून एकही मानवी शब्द नको असतो. उंच फांदीवरून हाक आली आणि पलीकडून तिला उत्तर मिळाले, की त्यांचे काम झाले.