अडखळण्याचे कौतुक

मी मॅट्रिक पास शाळामास्तर. प्राध्यापकांच्या संशोधनाकडे मी जरा दबकतच पाहतो. पण अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राध्यापक रोडिगर व त्यांचे सहकारी कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग वाचला आणि माझी भीड चेपली.

एका गटाने एक उतारा चारही बैठकांत वाचला. दुसऱ्याने तो एकाच बैठकीत वाचून, पुढच्या तीन बैठकांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पहिला गट पुढे होता. आठवड्याने मात्र पहिल्याला शेकडा ४० आठवले, दुसऱ्याला ६१! आणि गंमत म्हणजे, अधिक लक्षात राहील अशी खात्री पहिल्यालाच होती.

आता वर्गात आठवताना अडखळणाऱ्या पोराला कोणी 'ढ' म्हटले, की मला राहवत नाही. त्याचे शिकणे तर तिथेच चाललेले असते!

म्हणून, पालकहो, मुलाने गोष्ट वाचून संपवली, की फराळाला बसताना ती विचारा. तो अडखळला तर चकली तोंडात टाका. उत्तर मात्र तोंडातून काढू नका.