खालच्या जबड्याचा प्रश्न

गोंदिया जिल्हा धानाचा. दोन्ही वेळा ताटात भात आणि पातळ वरण, त्यामुळे दात गेले म्हणून इथे कुणाचं जेवण अडत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावात बोळक्या तोंडानं वर्षानुवर्षं सुखानं जेवणारी, वर अडकित्त्यानं बारीक कातरलेली सुपारी चघळणारी म्हातारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलो. माझं अडलं ते बोलण्यात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर खरा, पण गावात माझी त्याहून जुनी ओळख नाटकातला सावकार अशी आहे. दिवाळी झाली की आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडईच्या जत्रा आणि बैलांचे शंकरपट सुरू होतात, आणि त्यांच्यासोबत नाटकं. रात्री दहा-अकराला पडदा उघडला की पहाटेपर्यंत खेळ. समोर हजारभर माणूस बसलेला असतो आणि त्यातली निम्मी माणसं तुमचा संवाद तुमच्याआधी ओठात म्हणत असतात. अशा मंडपात सावकारानं गर्जना करावी आणि ‘सातबारा’ऐवजी ‘थातबारा’ बाहेर पडावं! शोकांतिकेचं प्रहसन झालं.

दात एका दिवसात गेले नाहीत. मधुमेह आणि हिरड्यांचा जुना आजार यांनी मिळून हळूहळू नेले. सुरुवातीला वरचे दोन-तीन गेले तेव्हा शेजारचे दात घासून त्यांवर ब्रिज बसवायचं निघालं होतं, पण शेजारीच हलत असतील तर पूल कशावर टाकणार? मग नायलॉनसारख्या लवचिक पदार्थाची, तारा नसलेली गुलाबी कवळी केली. दिसायला फार छान. तिची अडचण पुढे कळली: आणखी एक दात पडला की साध्या अॅक्रिलिकच्या कवळीत तो सहज वाढवून मिळतो, या लवचिक कवळीत मोठ्या मुश्किलीनं. ज्याचे दात अजून पडतच आहेत त्यानं तिच्या मऊपणाला भुलू नये.

बाजारातल्या दातवाल्याकडे मी गेलो नाही, पण आमच्या मंडळातला एक सोबती गेला. आठवडी बाजारात पेटी मांडून बसलेल्या माणसानं पावडर आणि पातळ औषध कालवून तो गोळा त्याच्या तोंडातच थापला, तारेनं शेजारच्या दाताला आवळला आणि अर्ध्या तासात ‘फिक्स दात’ करून दिला. तो दात निघत नाही, त्याच्याखाली ब्रश जात नाही. अन्न कुजतं, हिरडी सुजते. वर्ष-दीड वर्षात शेजारचा चांगला दातही गेला. नोंदणी नसलेल्या माणसानं दाताचा धंदा करू नये असा कायदा 1948 पासून आहे. पण बाजारात हातात पैसे घेऊन उभा असलेला माणूस नोंदणी क्रमांक विचारत नाही, हेही तितकंच खरं.

वरची सगळी पंगत गेली आणि खाली चार-सहा हलते दात उरले तेव्हा मी नीट चौकशी सुरू केली. पुण्याच्या मुलाचं म्हणणं एकच, ‘‘बाबा, काय ते एकदाच करा. सगळे इम्प्लांट, सगळं फिक्स.’’ घरच्या मंडळींचं म्हणणं, ‘‘साधी कवळी करा जी, या वयात कुठं हाडात स्क्रू ठोकून घेता?’’ दोघांनाही वाटत होतं की साध्या कवळीपासून महागड्या फिक्स दातांपर्यंत एक शिडी आहे आणि ऐपतीप्रमाणे तिच्यावर चढायचं. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी केली, मग कवळीतल्या एका तज्ज्ञ बाईंना दाखवलं. वयानं माझ्या शेवटच्या बॅचच्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांनी तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘गुरुजी, वरचा आणि खालचा जबडा असे दोन वेगवेगळे निर्णय घ्या.’’

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. वरची कवळी अख्ख्या टाळूवर पसरते. ती आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो, कडा गाल आणि ओठांच्या आतून नीट बसलेल्या असतात, हवा आत शिरत नाही. त्यामुळे ती धरून राहते. खाली टाळू नाही. खालची कवळी घोड्याच्या नालेसारखी, मधली जागा जिभेची. बोलायला, गिळायला, हसायला जीभ हलली की ती उचलली जाते. त्यात दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं आणि ही झीज वरच्यापेक्षा खाली जास्त. कवळी वापरणाऱ्यांची पंचवीस वर्षं मापं घेऊन झालेला एक अभ्यास 1972 साली प्रसिद्ध झाला. त्यात खालची झीज वरच्याच्या सुमारे चौपट निघाली. मग मला आमच्या ओळखीतली कवळीवाली माणसं एकेक करून आठवली. लग्नात फोटोपुरती दोन्ही घालायची आणि पंगतीला बसताना खालची हळूच खिशात टाकायची, हे करणारे किती तरी. त्या बिचाऱ्यांना आम्ही ‘सवय करून घ्या’ म्हणत होतो.

बाईंनी खालच्यासाठी मधला रस्ता सुचवला: पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट आणि त्यांवर टिचबटणासारखी बसणारी, काढता-घालता येणारी कवळी. पुढेच का, तर मागचं हाड झिजून गेलं तरी हनुवटीजवळचं बहुधा शिल्लक असतं, आणि खालच्या ओठाला जाणारी नस तिथून मागच्या बाजूला बाहेर पडते, त्यामुळे तिला धक्का लागायची भीती कमी. हे त्यांच्या मनचं नव्हतं. 2002 साली कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, खाली एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय धरावा, असं एकमतानं म्हटलेलं आहे.

हाडात धातू टिकेल कसा, ही शंका घरच्यांना होती आणि मलाही. स्वीडनच्या पर-इंग्वार ब्रोनेमार्क यांची गोष्ट तेव्हा वाचली. 1950च्या दशकात ते सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोगानंतर काढायला गेले तर ती निघेना. हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. 1965 साली त्यांनी गोस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले आणि ते त्याला पुढे चाळीस वर्षं पुरले. हे मी घरी वाचून दाखवलं. ‘‘सशाला तरी कुठं विचारलं असंल,’’ एवढंच उत्तर आलं.

आता पैशाचं. मला तेव्हा सांगितलेले आकडे असे: साध्या अॅक्रिलिकच्या दोन्ही कवळ्या 20 हजारांच्या आत, एक इम्प्लांट 25 ते 35 हजार, आणि एका जबड्याचे सगळे फिक्स दात दोन-तीन लाखांच्या पुढे. सरकारी महाविद्यालयात खर्च बराच कमी, पण तिथे विद्यार्थी शिकत-शिकत काम करतात. खेपा जास्त पडतात. अर्जुनीहून गोंदिया आणि गोंदियाहून नागपूर अशी गाडी बदलत जाणाऱ्याला प्रत्येक खेप म्हणजे एक आख्खा दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे, तिच्यात काठी, चष्मा, श्रवणयंत्रासोबत कवळीही आहे. मी पेन्शनवाला, मी त्यात बसत नव्हतो. गावात बसणारी बरीच माणसं आहेत, पण शिबिर म्हटलं की त्यांना चष्माच आठवतो.

वर साधी कवळी आणि खाली दोन इम्प्लांट असं ठरवलं. सगळं फिक्स का नको, याचं कारण पैसा होताच, पण तेवढंच नाही. फिक्स दातांच्या खालून रोज निगुतीनं साफ करावं लागतं, आणि आज सत्तरीतले माझे हात पंचाऐंशीला कसे चालतील कुणास ठाऊक. काढता येणारी कवळी सुनेलाही धुऊन देता येईल.

लगेच काही झालं नाही. आधी साखर खाली आणा, बाई म्हणाल्या. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी हवी तशी आल्याशिवाय हात लावणार नाही. मग जबड्याचा थ्रीडी स्कॅन. हाडं ठिसूळ होण्यावरची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का, हेही विचारलं. घरच्या मंडळींना ते चालू आहे, मला नाही. पण दात काढण्याआधीसुद्धा ते डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं हे तेव्हा कळलं. बाहेरच्या बाकावर एक पोरगा भेटला, तिशीचाही नसेल. खर्ऱ्यानं तोंड आवळलेलं. तीन बोटं उभी तोंडात गेली पाहिजेत, त्याची दोन जेमतेम जात होती. माप घ्यायचा ट्रेच आत शिरत नाही, मग कवळी काय आणि इम्प्लांट काय! विदर्भात दर पानठेल्यावर सुपारी-तंबाखू-चुना घोटून हा खर्रा मिळतो, त्याची किंमत मला त्या बाकावर दिसली.

होळीनंतर नाटकांचा हंगाम संपला तेव्हा उरलेले दात काढले, हिरड्या भरू दिल्या आणि मग इम्प्लांट बसवले. भूल दिल्यावर दुखलं नाही. ड्रिलचा आवाज मात्र कवटीत घुमतो. हाडानं धातू धरायला तीन-चार महिने जाऊ द्यायचे होते, तेवढ्यात रोवणी उरकली आणि धान निसवायला लागलं.

सगळ्यात मोलाची खेप होती ती मेणातल्या दातांची. कवळी पक्की करण्याआधी मेणात दात लावून तोंडात घालून पाहतात. इथे बदल करता येतो, अॅक्रिलिक झालं की नाही. बहुतेक माणसं आरशात पाहून ‘छान’ म्हणून मोकळी होतात. बाई म्हणाल्या, एकसष्टपासून मोजा. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट करत गेलो. सगळीकडे स आणि ष, आणि सहासष्टला शिट्टी वाजली. त्यांनी पुढचे दात केसभर मागे घेतले. मग मी विचारलं, ‘‘माझे संवाद म्हणू का?’’ दवाखान्यात सावकार उभा राहिला. कंपाउंडर दार उघडून पाहून गेला. ‘फ’ आणि ‘व’ला वरचे दात खालच्या ओठाला कुठे टेकतात ते बाईंनी बाजूनं वाकून पाहिलं आणि दोन दात थोडे वर घेतले. शिक्षक, कीर्तनकार, वकील, ज्याचं पोट किंवा हौस बोलण्यावर आहे, त्यानं या खेपेला घाई करू नये.

पहिले काही आठवडे तोंडात लाळ मावत नव्हती, हिरडीला जखमा झाल्या, दोनदा कवळी घासून घ्यावी लागली. रोज सकाळी ओसरीत पेपर मोठ्यानं वाचत बसायचो. मंडईच्या नाटकात उभा राहिलो तेव्हा खालची जागची हलली नाही. सावकाराचं ते गडगडाटी हसणं मी बऱ्याच वर्षांनी पूर्ण तोंड उघडून हसलो.

वरच्या कवळीचं दुखणं वेगळं, आणि ते राहिलंच आहे. टाळू झाकल्यामुळे चहा किती गरम आहे ते घशात गेल्यावर कळतं. नवेगाव बांधचा मासा घरी आला की काटा जिभेनं टाळूवर दाबून शोधायची जन्माची सवय आता उपयोगाची नाही, म्हणून ताटातच बोटांनी चिवडून खातो आणि वेळ लावतो म्हणून बोलणी खातो. रात्री दोन्ही काढून पाण्यात ठेवतो. टूथपेस्टनं ओरखडे पडतात म्हणून मऊ ब्रश आणि साबण, आणि पाणी कधीच गरम नाही. इम्प्लांटच्या बटणांभोवती ब्रश फिरवावाच लागतो, नाहीतर तिथलीही हिरडी सुजते. कवळीतल्या बटणांच्या नायलॉनच्या कड्या झिजतात, त्या अधूनमधून बदलाव्या लागतात. सध्या उजवीकडची सैल झाली आहे. होळीनंतर नागपूरला जाईन तेव्हा ती बदलायची आणि वरचीला आतून नवा थर द्यायचा आहे.